सुईचं दुखणं

जांभई येते, तिथून सगळं सुरू होतं. झोप आलेली नसते, कंटाळा आलेला नसतो, तरी जबडा दुखेपर्यंत जांभया येतात. मग नाक गळायला लागतं, डोळ्यांतून पाणी येतं, शिंका सुरू होतात. बघणाऱ्याला वाटतं, गड्याला पडसं झालंय. त्यानंतर अंगावर काटा येतो आणि पाय आपल्या मर्जीने वागायला लागतात. पसरले तर आखडावेसे वाटतात, आखडले तर पसरावेसे. बसलं तर उठून पळत सुटावंसं वाटतं, आणि उठलं तर पळायला अंगात त्राण नसतं. पोटात तर कुणी धुणं पिळावं तसा पीळ पडतो. ह्या सगळ्यावर उतारा एकच, तो लागलीच लागू पडतो, आणि तोच मूळ रोग आहे. हे ज्याला कळतं त्याच्या डोक्याचं काय होतं, ते मी भोगलेलं आहे.

मी शहाणपण शिकवायला बसलेलो नाही. मला कुणी शिकवायला लागलं की मी स्वतःच उठून जातो. पण आमच्या भागात ह्या दुखण्याला नावच नाही. दारू पिणाऱ्याला दारुडा म्हणतात, गांजा ओढणाऱ्याला गंजेटी. दवाखान्याच्या सुईने जो माणूस बुडाला त्याला काय म्हणायचं, हे कुणाला ठाऊक नाही. माझ्यासारखा कुणी आत्ता कुठल्या तरी ओसरीवर पाय आखडत-पसरत बसला असेल, तर त्याला एवढं कळावं की ह्याला आजार म्हणतात आणि तो बरा होतो.

सुई लागली ती अशी

माझं नाव महादेव. गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आत. घरी शेळ्या-मेंढ्या, पावसावरची बाजरी, आणि बहुतेक घरांतले पुरुष मुंबईला. मी मुंबई चुकवली, कारण वीज खात्यात लाइनमन म्हणून चिकटलो. त्या वर्षांत सांगलीकडच्या मळ्यामळ्यांतून पंपांसाठी लाइनी ओढायचं काम धडाक्यात चाललं होतं, आणि मला खांबावर चढायला मिळालं की दुसरं काही नको असायचं. एका जागी बसणं माझ्या पत्रिकेतच नाही. विट्याजवळच्या एका मळ्यात अशाच घाईत, कमरेचा पट्टा न अडकवता वर गेलो आणि खाली आलो तो मांडीचं हाड मोडूनच.

सांगलीच्या दवाखान्यात पायाला वजन टांगून मला उताणं निजवलं. दुखणं सहन होईना झालं की सिस्टर येऊन सुई द्यायची. पेथिडीन हे तिचं नाव. पहिली सुई लागली तेव्हा मला वाटलं, आईने डोक्याखाली मांडी दिली. पाय तिथंच होता, दुखणंही बहुतेक तिथंच असेल, पण त्याच्याशी माझा काही संबंध उरला नाही. आणि खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वस्थ पडून राहिलो.

घरी आल्यावर पाय ठणकायचा. मग तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरकडे जायला लागलो. आमच्याकडे सुई मारत नाही त्याला कुणी डॉक्टर मानत नाही. ताप असो, कंबर असो, अशक्तपणा असो, सुई हवी. नुसत्या गोळ्या दिल्या तर बाया बाहेर येऊन म्हणतात, ह्यानं काय केलंच न्हाई. तो डॉक्टर वाईट माणूस नव्हता. मी मागितली, त्याने दिली. आधी दुखलं की, मग दुखेल म्हणून, मग रोज. पुढे रोजचं येणं-जाणं नको म्हणून काचेची पिचकारी घरीच आणली. माझी बायको शालन सकाळी चहाच्या आधी ती चुलीवर उकळून ठेवायची. नवऱ्याचं औषध म्हणून ती ते इतकं मनापासून करायची की आज आठवलं तरी मला खाली बघावंसं वाटतं.

निदान

सांगलीला मी परत गेलो तो पोटासाठी. पोटात पीळ पडायचा, जुलाब व्हायचे, अंग उतरलं होतं. शालन बरोबर होती. आमची अलका तेव्हा दात येण्याच्या वयाची, तिला आईजवळ ठेवून आलो होतो. डॉक्टर उपाध्ये म्हणून होते, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी पोट दाबून बघितलं, मग पँट खाली करायला लावून मांड्या बघितल्या. सुयांनी मांड्यांवर गाठी झाल्या होत्या, जागा राहिली नव्हती. मग त्यांनी मला एक विचित्र प्रश्न विचारला. म्हणाले, सुई घेतल्यापासून किती वेळाने जांभया सुरू होतात?

तोवर मी कुणालाही जांभयांबद्दल सांगितलं नव्हतं. ह्या माणसाला त्या कशा कळल्या, ह्यानेच मी घाबरलो.

"महादेवराव, तुमच्या पोटाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "हाडही कधीच जुळलंय. तुम्हाला सुईचाच आजार झालाय."

मी म्हणालो, औषधाचा कसा आजार होईल? तुम्हीच लोकांनी दिलंय ते. ते म्हणाले, हो, आम्हीच दिलंय. इतकं सरळ उत्तर आल्यावर भांडायला काही उरलंच नाही. मी तसाच उठलो आणि लंगडत फाटकापर्यंत गेलो. तिथे चहाच्या गाड्यापाशी उभा राहिलो. मला अफूबाज म्हणतायत, वेड्यांच्यात टाकतील, साहेबांच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल, असं काहीबाही डोक्यात फिरत होतं. तेवढ्यात जांभई आली. मी परत फिरलो.

आत शालन तशीच बसून होती. तिने डॉक्टरांना एकच विचारलं होतं, बरा होतो का. ते म्हणाले होते, होतो, पण एकट्याने होत नाही. मी दारात आलो तसं तिने माझ्याकडे न बघता त्यांना सांगून टाकलं, मग ह्यांना ठेवून घ्या.

बाहेर व्हरांड्यात मात्र ती माझ्याकडे बघून बोलली. "ह्या बारीला सुई सुटली तर मी तुमच्यासंगं घरी येईन. न्हाई सुटली तर पोरीला घिऊन शिरवळला भावाकडं जाईन. मी रागानं बोलत न्हाई."

ती रागाने बोलत नव्हती, म्हणूनच मला धडकी भरली. तिचा भाऊ शिरवळला कारखान्यात होता, तो तिला ठेवून घेणार हे दोघांनाही माहीत होतं. शालन एकदा ठरवलं की बदलत नाही.

लाल बाटली

तेव्हा ह्या आजाराचा वेगळा वॉर्ड वगैरे काही नव्हता. डॉक्टरांनी मला पुरुषांच्या वॉर्डाच्या टोकाची लहान खोली दिली आणि सगळ्यांना पोटाचा पेशंट म्हणून सांगितलं. काही ठिकाणी असल्या माणसाला खोलीत कोंडून घालतात, मोकळा होईपर्यंत ओरडू देतात. डॉक्टरांना ते पटत नव्हतं. ते म्हणाले, सुईची सवय वेगळी आणि औषधाची वेगळी, आपण एकेक सोडवू. आधी सुई बंद केली आणि तसंच औषध पोटातून द्यायला लागले. सिस्टर रूथ लाल बाटलीतून मापाने ओतून समोर उभ्या राहून प्यायला लावायच्या. त्यात रोज औषध थोडं कमी आणि पाणी थोडं जास्त व्हायचं. किती कमी, ते मला सांगायचं नाही हा नियम.

हा नियम मला खायला उठायचा. मापातल्या औषधाचा रंग कालच्यापेक्षा फिका आहे का, हे मी उजेडात धरून बघायचो. सिस्टरना गोड बोलून बघितलं, चिडून बघितलं. त्या म्हणायच्या, दादा, मला कळलं तर माझ्या तोंडावरून तुम्हाला कळेल, म्हणून मी पण विचारत नाही.

आणि पाय! पायांचं काय करू ते समजायचं नाही. मी व्हरांड्यातून इकडून तिकडे चालायचो, तिकडून इकडे यायचो. पेशंटचे नातेवाईक म्हणायचे, ह्या पोटाच्या पेशंटला पायच फार. जेवण आलं की नको व्हायचं, नेलं की भूक लागायची. शालनशी बोलायला जायचो आणि ती बोलायला लागली की मला ऐकवायचं नाही. माझी मलाच इतकी किळस यायची की कातडं काढून खुंटीला टांगता आलं असतं तर टांगलं असतं.

तरी त्या दिवसांत दोन गोष्टींनी मला धरून ठेवलं. एक म्हणजे सकाळची बादलीभर कढत पाण्याची आंघोळ. अंगावर पाणी पडतंय तोवर अंग माझं असायचं. दुसरं म्हणजे सिस्टर रूथनी मला धुतलेल्या पट्ट्या गुंडाळायला दिल्या. ढीगच आणून टाकायच्या. लाइनमनचे हात आहेत, दोरखंड-तारा गुंडाळायची सवय, त्यामुळे माझ्या गुंडाळ्या घट्ट आणि सारख्या व्हायच्या. एक दिवस त्या दुसऱ्या नर्सला माझी गुंडाळी दाखवून म्हणाल्या, अशी पाहिजे. तेवढ्यावर मी संध्याकाळपर्यंत तरलो.

आई आली

पुढे पुढे औषध फारच पातळ झालं असावं. मला पुन्हा पीळ पडायला लागला, शिंका यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, हाच शेवटचा चढ आहे, आता टिकून राहा. नेमकी तेव्हाच आई अलकाला घेऊन गावाहून आली. दवाखान्यामागे नातेवाइकांना राहायला पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथे शालन स्टोव्हवर रांधायची. आईने तिथे पथारी टाकली आणि येताना आणलेला डबा उघडला. मेथीचे लाडू. आमच्याकडे ते बाळंतिणीला देतात आणि हाड मोडलेल्याला.

रोज सकाळ-संध्याकाळ आई आपल्या हाताने एक लाडू आणायची आणि माझ्यासमोर उभी राहून खायला लावायची. लाडू कडू होता, पण मेथीचा लाडू गोड कुठून असणार? मी खायचो. आणि काय सांगू, मला बरं वाटायला लागलं. पीळ थांबला, पाय शांत झाले. दुपारी झोप लागली. मी सिस्टरना म्हणालो, तुमच्या बाटलीपेक्षा आईचा लाडू भारी. शालनच्या तोंडावर तर किती तरी महिन्यांनी हसू दिसलं. मला वाटलं, जिंकलो आपण.

डॉक्टर मात्र हसत नव्हते. ते रोज सकाळी टॉर्च मारून माझ्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघायचे. एक दिवस त्यांनी दोनदा बघितलं, खुर्ची ओढून बसले आणि शालनसमोरच विचारलं, "कोण आणून देतंय?"

मी म्हणालो, काय आणून देतंय?

"मी पेशंटच्या खोटेपणावर रागवत नाही. आजारच तो बोलायला लावतो," ते म्हणाले. "पण मी औषध कमी करतोय, म्हणजे बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात, आणि तुमच्या तर टाचणीच्या टोकाएवढ्या व्हायला लागल्यात. ह्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत."

मी अलकाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. असल्या शपथा मी घरीही घेतल्या होत्या आणि मोडल्या होत्या, त्यामुळे शालनने तिकडे लक्षच दिलं नाही. तिने आणि सिस्टर रूथनी माझ्या खोलीची झडती घेतली. गादी उलटी केली, उशीची शिवण चाचपली, मी गुंडाळलेल्या पट्ट्या एकेक करून सोडल्या. आईसुद्धा हिरिरीने शोधत होती, म्हणत होती, त्या खिडकीच्या मागं बघ, त्या चपलीत बघ. लाडूचा डबा सांडू नये म्हणून शालनने तो अलगद उचलून बाजूला ठेवला.

काहीच सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चालणार असेल तर मला तुम्हाला ठेवून उपयोग नाही, ही खोली दुसऱ्या कुणाला लागेल. ते गेल्यावर शालन माझ्या पायथ्याशी उभी राहिली. "तुमची सुई मी माझ्या हातानं उकळली," ती म्हणाली. "आता आनि काय उकळू?"

खरं बोलत असताना कुणी विश्वास ठेवत नाही, तेव्हा माणूस चवताळतो. मी सोडवलेल्या पट्ट्या जमिनीवर फेकून दिल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

बाप-लेक

त्याच सुमारास गावाहून निरोप आला की शेळ्या व्यायला आल्यात, बघायला घरात कुणी नाही. आई घाईघाईने एस्टीला बसून गेली. अलकाला शालनजवळ ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पहिली जांभई आली. मग नाक, मग शिंका. दुपार व्हायच्या आत मी घामाने भिजलो होतो आणि पाय खाटेवर आपटत होतो. डॉक्टर आले, बघून म्हणाले, आणून देणारा थांबलेला दिसतोय. ते शालनने ऐकलं. आता तिला पुराव्याची गरज उरली नव्हती.

थोड्या वेळाने ती पिशवी भरून, पोरीला कडेवर घेऊन दारात आली. स्टँडवर जायच्या आधी पोरीचं तोंड दाखवायला आली होती. अलका गळा फाडून रडत होती.

"तिला काय झालंय?" मी विचारलं.

"दात येत्यात. कालच्यापास्नं घास घेत न्हाई."

मला त्या वेळी स्वतःच्या पलीकडे काही दिसत नव्हतं. मी पोरीकडे बघितलं ते केवळ ती रडायची थांबत नव्हती म्हणून. बघितलं तर तिने रडता रडता मध्येच जांभई दिली. एवढंसं तोंड, आणि जबडा मोडेल अशी जांभई. लगेच दुसरी. तिचं नाक गळत होतं. ती शिंकली, पुन्हा शिंकली. बारक्या दंडांवर काटा उभा राहिला होता आणि पाय पोटाशी घेत होती, ताणत होती, पुन्हा पोटाशी घेत होती.

तिला दात येत नव्हते. तिला काय होत होतं ते त्या अख्ख्या दवाखान्यात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"शालन, हिला काय काय देता?"

"काय देनार? दूध, भाताची पेज."

"आनि?"

"आनि आत्याबाई देत्यात ती लेकराची गोळी. झोपायची. ती त्यांच्या गाठीत हुती, त्यांच्यासंगंच गेली."

आत्याबाई म्हणजे माझी आई, आणि गोळी म्हणजे बाळगोळी. मोहरीपेक्षा थोडी मोठी, काळी. आठवडी बाजारात पाल टाकून बसणारा जडीबुटीवाला विकायचा. आमच्या गावात ती कुणाला औषधसुद्धा वाटत नव्हती. पोरांनी झोपावं म्हणून आया देतात, जशी पाळण्याला दोरी बांधतात तशी. मीही तिला कधी दुसरं काही समजलो नव्हतो.

आई गेली आणि दुसऱ्याच दिवशी आम्हा बाप-लेकीला एकदम जांभया सुरू झाल्या होत्या. मी विचारलं, मला लाडू आणायच्या आधी आई काय करायची? शालन सांगायला लागली की आत्याबाई रोज एकेक लाडू फोडून पुन्हा वळायच्या, तिने विचारलं तर म्हणाल्या, भुगा होतोय. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं. ती पिशवीसकट खाली बसली.

मी डॉक्टरांच्या खोलीकडे गेलो. गेलो म्हणजे भिंत धरून, शिंकत, नाक पुसत गेलो. गोळीचं आणि लाडूचं सांगून त्यांना म्हणालो, माझं राहू द्या, माझ्या पोरीचे डोळे बघा. त्यांनी तोच टॉर्च अलकाच्या डोळ्यांत मारला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग मला म्हणाले, मी तुम्हाला खोटं ठरवलं, माझं चुकलं. त्या वेळी मला ते ऐकून काहीच वाटलं नाही. पोरगी रडत होती.

गाठीतल्या गोळ्या

आईला निरोप धाडून बोलावून घेतलं. ती येईपर्यंत मी तिच्यावर इतका चिडलो होतो की काय काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं. ती आली, डॉक्टरांच्या टेबलासमोर खाली बसायला लागली, त्यांनी खुर्ची दिली. पदराची गाठ सोडून तिने गोळ्या कागदावर ठेवल्या. डॉक्टरांनी वास घेतला. आवाज न चढवता सांगितलं, मावशी, ह्यात अफू आहे. मुलाला जे सुटत नाहीये त्याच जातीचं हे औषध आहे.

आईला ते पटेना. "औषध न्हाई वं हे. लेकराची गोळी हाय. म्हादूच्या जिवाची लय तगमग हुती, म्हनून घातली. त्यो मोठा हाय म्हनून चार घातल्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी समदी ह्याच्यावरच वाढलाय रं. तुझा बा मुंबईला. मी भांगलायला जायाची, तवा तुमास्नी कोन बघनार हुतं?"

माझं घोकलेलं भाषण तिथेच संपलं. डॉक्टर तिच्यावर रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की पोरगी हळूहळू बरी होईल, तुम्हीच तिला बरी करायची आहे, पण ही गोळी गावात कुणीच देऊ नये. लहान जीव असतो, थोडी जास्त झाली की श्वास मंदावतो. एखादं लेकरू झोपेतच जातं.

आईने विचारलं, "जातं म्हंजी कसं? रडत न्हाई?"

"नाही. रडत नाही."

"व्हट निळं पडत्यात का?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, पडतात.

माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता, पांडू. मला तो आठवतसुद्धा नाही. घरात एवढंच सांगत की भांगलणीच्या, म्हणजे खुरपणीच्या दिवसांत बांधावरच्या झाडाला झोळी बांधून त्याला निजवला होता, आणि आई बघायला गेली तेव्हा त्याला पान लागलं होतं. साप चावला तर आमच्याकडे असं म्हणतात, त्या जनावराचं नाव घेत नाहीत. ओठ निळे पडले होते, मग दुसरं काय असणार, असंच सगळे समजले. तेव्हापासून आई दर नागपंचमीला अनवाणी वारुळाला जाते. दोनदा तर नागपूजेला शिराळ्याला जाऊन आली. बाकीच्या पोरांना सांभाळ म्हणून तिने नागोबापुढे किती वेळा डोकं टेकलं असेल!

ती खुर्चीवर तशीच बसली होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मावशी, इतक्या वर्षांपूर्वीचं आज कुणालाच सांगता येणार नाही. तिने मान हलवली. ती त्यांचं ऐकत होती की नाही, मला माहीत नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिने तो हळूच बाजूला केला आणि शालनकडे हात पसरले. म्हणाली, पोरगी माझ्याकडं दे.

नागपंचमी

अलकाची गोळी एकदम बंद केली नाही. डॉक्टरांनी ती पाण्यात उगाळून थेंबाथेंबाने कमी करायला सांगितलं, आणि ते काम आईने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पोरगी रडायला लागली की आई तिला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात चालायची. मागून मी लंगडत चालायचो. माझे आणि पोरीचे पाय एकाच वेळी पिसाळलेले असायचे. शालन पिशवी रिकामी करून पुन्हा स्टोव्ह पेटवायला लागली. माफ केलं वगैरे ती काही म्हणाली नाही. एक दिवस चहा घेऊन आली आणि माझ्याजवळ बसून तिनेही प्यायला, एवढंच.

बाप-लेक मोकळे झालो तरी मी लगेच माणसात आलो नाही. झोप कित्येक महिने तुकड्यातुकड्यांनी यायची. पाय दुखला की डोक्यात पहिला विचार सुईचाच यायचा, अजूनही येतो. डॉक्टरांनी कामावर घ्यायला हरकत नाही म्हणून लिहून दिलं, पण खांबावर चढू नका म्हणाले. मी खालून वायर ओढायचं काम धरलं. कचेरीत विचारलं तर मी सांगायचो, पोटाचं दुखणं होतं.

श्रावणात नागपंचमी आली. आई दरवर्षीसारखी अनवाणी वारुळाला गेली. पुरुष तिकडे जात नाहीत, त्यामुळे पुढचं मला शालनने सांगितलं. बायकांचा फेर व्हायचा होता. अख्ख्या गावच्या बायका जमल्या होत्या, कितीजणींच्या कडेवर पोरं. आईने पूजा केली नाही. लाह्या-दूध तसंच हातात धरून ती वारुळाकडे पाठ करून उभी राहिली.

"माझ्या पांडूला नागानं न्हाई खाल्लं," ती म्हणाली. "मी गोळी घातली हुती. तुमी घालू नगा."

फेर धरायला उठलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या. एका म्हातारीने तिला गप्प बसवायला हाताला धरलं, तर आईने तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि मग तिसऱ्यांदा म्हटलं. शालन सांगत होती, आत्याबाईंचा आवाज अजिबात हलला नाही, पण हातातलं दूध सगळं सांडलं.

घरी आल्यावर आईने अलकाला मांडीवर घेतलं, भात भरवला. मी ओसरीवर बसलो होतो. मी एक धडधाकट पुरुष, कचेरीत सगळ्यांना पोटाचं दुखणं सांगत फिरणारा. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि साहेबांना सांगितलं, मला पोटाचं काही नव्हतं, मला सुईचा आजार झाला होता.